धनको आणि ऋणको

दान हा शब्द गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपण फार सढळ हाताने वापरला. भूदान आले, श्रमदान आले, मागोमाग रक्तदान, नेत्रदान, देहदान आले. शब्दाची पुण्याई मोठी. तो ज्या गोष्टीला चिकटवावा तिच्याभोवती एक प्रभावळ उभी राहते आणि मग तिच्याविषयी अडचणीचे प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटू लागते. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले. मध्ये तिसऱ्याने तोंड घालण्याचे कारण काय? मला जे तोंड घालायचे आहे ते अशा एका देण्याघेण्यात की ज्याला दान म्हणावे की नाही हाच मुळात प्रश्न आहे. वैद्यकीय संशोधनासाठी माणसाच्या शरीरातून काही ना काही काढून घेतले जाते: चमचाभर रक्त, गाठीचा तुकडा, बाळंतिणीची वार, मेलेल्याचा मेंदू. शास्त्राच्या परिभाषेत या साऱ्याला ऊती म्हणतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या गाठींचा संग्रह आहे, बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूंचा आहे. हे संग्रह नसतील तर संशोधन नाही आणि संशोधन नसेल तर औषध नाही. इथवर कोणाचा वाद नाही. वाद पुढे आहे. जे दिले गेले ते घेणाऱ्याचे झाले काय?

दूरचे उदाहरण शोधायला नको. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला कोलामांची वस्ती आहे. गावाच्या जरा आडबाजूला असणाऱ्या त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलाम, गोंड, परधान, आंध हे समाज या मुलखात कित्येक पिढ्या नांदत आले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या, आणि विदर्भातल्या बौद्ध समाजातल्याही पुष्कळांच्या रक्तात सिकलसेलचा दोष आढळतो. प्राणवायू सुटला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकून बसतात, हाडेसांधे ठणकू लागतात, अंगातले रक्त आटते. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदलले, एवढाच काय तो फरक. दोष आई आणि बाप अशा दोघांकडून आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर ते नुसते वाहक राहते आणि हिवतापापासून त्याचा थोडा बचावही होतो. निसर्गाचा हिशोब असा उफराटा असतो.

भारतात हा दोष प्रथम सापडला तो १९५२ साली, निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात. मध्य भारताची हकिगत नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. तेव्हापासून या मुलखातले रक्त प्रयोगशाळेकडे जातच आहे. १९८६ साली आनुवंशिकतेच्या एका अभ्यासातून असे दिसले की भारत आणि अरबस्तान इथला हा दोष आफ्रिकेतल्या दोषाहून स्वतंत्रपणे उपजलेला असावा. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. गर्भात असताना बाळाच्या रक्तात जे निराळे हिमोग्लोबिन असते ते आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत मोठेपणीही बरेच टिकून राहते, आणि ज्यांच्यात ते टिकते त्यांना रोगाचा जाच कमी होतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांचे रक्त तपासायचे आणि २०४७ पर्यंत हा रोग हटवायचा असा तिचा संकल्प आहे. मोहीम चांगलीच आहे, तिच्याविषयी मला तक्रार नाही. ज्याला रोग आहे त्याला तो आहे हे वेळेवर कळणे हीच अर्धी चिकित्सा. पण तपासणी आणि संशोधन यांच्यामध्ये जी रेघ आहे ती परीक्षानळीवर ओढलेली नसते. रोग्याच्या हिताकरिता काढलेले रक्त तपासून उरते. उरलेले रक्त गोठवून ठेवता येते, त्यातून जनुके काढता येतात, वाचता येतात, दुसऱ्या शहरी पाठवता येतात. बोटातून थेंब घेतला तेव्हा कोलामाच्या बाईला वाटले की आपल्या पोराला काय झाले ते कळणार. तेच रक्त दहा वर्षांनी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत असेल हे घेणाऱ्यालाही त्या क्षणी ठाऊक नसते.

म्हणून संमतीपत्र आले. ते आले हे योग्यच झाले. न्यूरेंबर्गला १९४७ साली नाझी डॉक्टरांचा निकाल लागला तेव्हापासून, माणसाला विचारल्यावाचून त्याच्या देहावर प्रयोग नाही, हे तत्त्व जगाने निदान कागदावर मान्य केले आहे. पण पोडावरच्या संमतीपत्राकडे जरा जवळून पाहू. ते मराठीत असते. कोलामांची घरची भाषा कोलामी. ती मराठीची बोली नाही. ती द्राविड कुळातली, तेलुगू-कन्नडच्या भाऊबंदकीतली भाषा. तिचे व्याकरण एमेनो नावाच्या भाषापंडिताने १९५५ साली छापले तेही अमेरिकेत. बाजारापुरती मराठी बहुतेकांना येते. पण ‘जनुक’, ‘साठवण’, ‘पुढील संशोधन’, ‘अनामिकीकरण’ हे शब्द बाजारात मिळत नाहीत. ते यवतमाळच्या पेठेतल्या पदवीधरालाही धड मिळत नाहीत. तेव्हा कोणीतरी वाचून दाखवतो, कोणीतरी मान हलवतो, आणि कागदावर अंगठा उमटतो. एका बोटातून रक्त, दुसऱ्याचा ठसा.

या अंगठ्यापाशी मला थांबावेसे वाटते. हा जिल्हा पऱ्हाटीचा आणि कर्जाचा. कागदावर अंगठा म्हणजे काय हे इथल्या कास्तकाराला कोणी शिकवायला नको. अंगठा उठवतो तो देणेकरी. सावकाराचा कागद असो, सोसायटीचा असो की बँकेचा असो, अंगठा देणारा ऋणको आणि कागद जपून ठेवणारा धनको, ही रीत तीन-चार पिढ्यांच्या हाडात मुरली आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर जाऊन प्रथम जाळले ते कागद. धान्याला आणि दागिन्यांना त्यांनी त्या मानाने हात लावला नाही. आता संमतीपत्राची गंमत पाहा. इथे देतो आहे तो आदिवासी. घेते आहे ती संस्था. म्हणजे व्यवहाराच्या साध्या न्यायाने धनको तो आहे आणि ऋणको ती. तरीही अंगठा उठतो तो धनकोचा, आणि कागद जातो ऋणकोच्या कपाटात! जगात दुसरा कोणता व्यवहार असा चालतो? कर्जरोखा म्हणून जो कागद व्हायला हवा होता तो फारकती म्हणून लिहिला जातो. ‘मला सर्व समजले, मी राजीखुशीने देत आहे, पुढे माझी काही तक्रार राहणार नाही.’ फारकतीची भाषा याहून निराळी ती काय असते?

आपल्या पुराणांत शरीर मागण्याच्या तीन गोष्टी आहेत, आणि देहदानाच्या सभांतून त्यांतली एकच सांगतात. दधीची ऋषींकडे देव गेले. आश्रमात गेले, उघड रूपाने गेले. वृत्रासुराचे संकट कोणते, अस्थी कशासाठी हव्यात, त्यांचे वज्र कोण करणार आणि कोण चालवणार हे सगळे सांगून मागितले. संकटही सर्वांचे होते. ही गोष्ट निर्मळ आहे. दुसरी कर्णाची. तोच इंद्र, पण इथे तो ब्राह्मणाचा वेष घेऊन येतो आणि अंगाबरोबर जन्मलेली कवचकुंडले मागतो. कर्णाला सूर्याने आधीच सावध केलेले असते. मागणारा कोण आणि कशासाठी हे त्याला कळलेले आहे, तरी तो सोलून देतो, आणि इंद्राला शरमेने का होईना बदल्यात शक्ती द्यावी लागते. तिसरी गोष्ट एकलव्याची. तिच्यात वेष नाही, जबरदस्ती नाही, मागणी अगदी स्पष्ट आहे आणि देणारा प्रसन्न मुखाने देतो. आजच्या एखाद्या नैतिक समितीपुढे हे प्रकरण ठेवले तर संमतीत दोष काढणे अवघड जावे. एकच गोष्ट द्रोणाचार्यांनी सांगितली नाही: अंगठा कशासाठी हवा. अर्जुनाला जोड उरू नये म्हणून हवा हे निषादाच्या पोराला सांगितले असते तर त्याने तो दिला असता का, हे व्यासांनी आपल्यावर सोडले आहे. आणि मागितली ती दक्षिणा. शिकवले नव्हते काहीच.

दानाविषयी आपल्या धर्मशास्त्राने जो विचार केला आहे त्यातला निम्मा भाग आपण विसरून गेलो आहोत. देणाऱ्याचे पुण्य आपल्या लक्षात राहिले. घेणाऱ्याच्या बाजूला शास्त्रकार प्रतिग्रह म्हणतात, आणि प्रतिग्रहाविषयी ते फार सावधपणे बोलतात. घेण्याचा अधिकार असला तरी घेत सुटू नये, त्याने तेज उतरते. काही दाने तर अशी की जी घेतल्यावर घेणाऱ्यालाच प्रायश्चित्त सांगितले आहे. अकराव्याच्या दिवशीचे दान घेणाऱ्याकडे गाव कसे पाही हे जुन्या माणसांना आठवत असेल. यातल्या जातीच्या कल्पना टाकून द्याव्यात, पण मागचा विचार टाकण्याजोगा नाही. घेणे ही निष्पाप क्रिया नाही; घेणाऱ्यावर काहीतरी चढते आणि ते त्याला उतरवावे लागते. विनोबा दानाचा अर्थ संविभाग, म्हणजे वाटून घेणे असा सांगत, तोही याच दिशेने जाणारा आहे.

ज्या ग्रंथाची १९२७ साली महाडला होळी झाली, आणि झाली ते ठीकच झाले, त्या मनुस्मृतीत न्यायालयात येणाऱ्या वादांचे अठरा प्रकार दिले आहेत. त्यांतले पहिले तीन असे: ऋण न फेडणे, ठेव परत न करणे, आणि मालक नसताना विकणे. ज्यांच्या रक्तातला हा दोष आज अभ्यासला जातो त्यांतल्या पुष्कळांना या ग्रंथाने माणूस म्हणून उभे राहू दिले नाही, तेव्हा त्याची साक्ष काढताना जीभ जड होते. पण माणसाच्या ऊतींविषयी गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत जगात जे खटले झाले ते पाहावेत. या तीन प्रकारांच्या बाहेरचा एकही मला दिसलेला नाही.

त्यांतला सर्वांत गाजलेला बाल्टिमोरचा. हेन्रिएटा लॅक्स ही एकतीस वर्षांची, पाच मुलांची काळी बाई १९५१ साली गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला आणि तिला न विचारता जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दिला. बाई ऑक्टोबरात वारली. पेशी मात्र मेल्या नाहीत; काचेच्या भांड्यात त्या दुप्पट-चौपट होत राहिल्या. अशा न मरणाऱ्या मानवी पेशी तोवर कोणाला साधल्या नव्हत्या. पोलिओच्या लशीची पारख त्यांच्यावर झाली, पुढे हजारो प्रयोग त्यांच्यावर झाले. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘हेला’ म्हणू लागले. घरच्यांना हे कळायला १९७० नंतरची वर्षे उजाडली. या पेशी विकून ज्यांचे कारखाने चालले त्यांतल्या एका कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ साली.

यावर डॉक्टरांचे एक उत्तर असते आणि ते नेहमी अप्रामाणिक असते असे मी म्हणणार नाही. ते म्हणतात, तो तुकडा आम्ही घेतला नसता तर मोरीत गेला असता. बाईचे काही कमी झाले नाही, जगाचे मात्र कल्याण झाले. प्रत्येक नळीमागे तुम्ही असा चोपड्यांचा भारा बांधाल तर संशोधक कारकून होईल, आणि ज्या सिकलसेलच्या पोराचा तुम्हाला एवढा कळवळा आहे तेच औषधावाचून मरेल. या उत्तरातला शेवटचा भाग मला खरोखर अडवतो. नियमांच्या अतिरेकाने संशोधन मंदावते हे खरे आहे आणि मंदावण्याची किंमत गरीबच मोजतो. पण पहिला भाग मात्र मला पटत नाही. वस्तू देणाऱ्याला निरुपयोगी होती म्हणून घेणाऱ्यावर ऋण नाही, हा कोणता न्याय? माझ्या परसातला उकिरडा शेजाऱ्याने खत म्हणून नेला आणि त्याला सोन्यासारखे पीक आले, तर पुढल्या वर्षी तो निदान माझ्या दाराशी येऊन बोलतो. खेड्यातली साधी रीत आहे ही.

ऋण नीट फिटल्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांच्या रक्तात एक अजब प्रकार दिसला. ते ओ गटाचे वाटे आणि ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. १९५२ साली हा शोध छापला गेला आणि त्या गटाला बॉम्बे असे नाव पडले. शहराचे नाव अमर झाले, ज्यांच्या शिरेतून ते रक्त आले त्यांचे झाले नाही. पण त्यांच्यासारख्या माणसाला चुकीचे रक्त चढवून मारण्याचे संकट त्या शोधाने टळू लागले. जिथून घेतले तिथेच फळ परत गेले. दरवेळी असे सरळ होत नाही.

चांगल्या माणसाने, चांगल्या बुद्धीने, खरा निष्कर्ष काढला तरी ऋण उरते, याचे एक उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकल्या आणि १९३० साली पदवी घेऊन परतल्या. विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक. गोऱ्यांच्या कवटीत हा फरक निराळा असावा आणि तो त्यांच्या बुद्धीशी जुळावा अशी गुरूंची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसे काही दिसत नाही असे लिहिले. परक्या देशात, मोठ्या गुरूच्या तोंडावर असे लिहायला धैर्य लागते. त्या प्रबंधाचा आपल्याला अभिमानच वाटावा. पण मोजलेल्या त्या कवट्या होत्या कोणाच्या? त्यांतल्या कित्येक आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. ज्यांच्या त्या होत्या त्यांनी दिल्या नव्हत्या, त्यांच्या नातलगांनीही दिल्या नव्हत्या. वंशश्रेष्ठत्व खोटे ठरवण्याच्या कामीही त्या धडाविना शिरांना राबावे लागले. पुढे त्याच संस्थेकडे आउश्वित्झहून मेंगेले रक्त आणि डोळे पाठवू लागला हा इतिहास इरावतीबाई परतल्यानंतरचा आहे. त्याचा डाग त्यांना लावणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट त्यावरून कळते. कपाटात मुकाट्याने पडलेली कवटी ‘माझे कोण’ असे विचारत नाही, म्हणून कपाटाचा मालक हळूहळू असे समजू लागतो की मागून मिळत नसेल तर आणवून घ्यावे. २०११ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने वीस कवट्या नामिबियाला परत केल्या. शंभर वर्षे उशिरा का होईना, ठेव परत करता येते असे सिद्ध झाले.

मेलेल्यांच्या बाबतीत आपणही फार वर मान करून बोलावे असे नाही. नानाजी देशमुख २०१० साली वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या वैद्यकीय संस्थेला दिला गेला. असे लिहून देणारे आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण वैद्यकीच्या मुलांनी वर्षानुवर्षे ज्यांच्यावर हात चालवला ते देह बहुधा १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली आलेले: रुग्णालयात, तुरुंगात किंवा रस्त्यात मेलेल्या आणि ठरल्या मुदतीत कोणी न नेलेल्या माणसांचे. इंग्लंडात हाच मार्ग १८३२ च्या कायद्याने काढला, तोही एडिंबरोच्या बर्क आणि हेअर यांनी १८२८ साली सोळा माणसे मारून प्रेते विकल्यानंतर. प्रेतांची चोरी थांबली हे खरे. पण कोणाचा देह घ्यायचा याचे उत्तर कायद्याने दिले ते असे: ज्याला विचारायला कोणी येत नाही त्याचा.

मग पैसे द्यावेत का? हा उपाय पुष्कळांना सरळ वाटतो. मला तो मान्य नाही. आपल्या देशात रक्त विकून पोट भरणारी माणसे होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून तो धंदा बंद झाला. विकत घेतलेल्या रक्ताने रोगही अधिक पसरतात आणि माणुसकीही पातळ होते, असे टिटमस या इंग्रज पंडिताने १९७० सालीच मांडले होते. शिवाय ज्या जिल्ह्यात जूनमध्ये बियाण्याला पैसा नसतो तिथे नळीमागे पाचशे रुपये ठेवले तर रांग लागेल, आणि त्या रांगेला स्वेच्छा म्हणायचे धाडस माझ्याच्याने होणार नाही. किंमत मोजली की व्यवहार मिटतो, आणि मला तर तो मिटायलाच नको आहे.

विक्री नको आणि दानही म्हणू नये, तर मग म्हणावे काय? मराठीत त्याला घरगुती शब्द आहे: ठेव. ठेव वापरता येते, तिच्यावर व्यवहार करता येतो, पण तिची नोंद ठेवावी लागते. ठेवणारा विचारायला आला तर सांगावे लागते आणि मागायला आला तर द्यावे लागते. ही माझीच कल्पना आहे असेही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे छापली त्यांत नमुन्याचा मालक तो देणारा आणि संस्था केवळ विश्वस्त, असेच म्हटले आहे. तो परत मागण्याचा हक्कही मान्य केला आहे. कागदावर सगळे जागच्या जागी आहे. प्रश्न हिशोबाचा आहे. लाखो खातेदारांच्या शंभर-शंभर रुपयांचा हिशोब पोस्टाची बँक ठेवते. लाख कुप्यांचा हिशोब प्रयोगशाळेला जड का जावा?

इथे एक खरी अडचण आहे आणि ती सोपी नाही. देणाऱ्याची लाज राखायची तर कुपीवरचे नाव खोडावे लागते. सिकलसेलचा वाहक म्हणून मुलीचे नाव फुटले तर तिचे लग्न मोडेल; म्हणून नाव खोडणे हा तिच्यावरचा उपकार आहे. पण नाव खोडले की धनकोच नाहीसा होतो. पुढे त्या रक्तातून काही निघाले तर सांगायचे कोणाला, फेडायचे कोणाला? गुप्तता आणि हिशोब हे एकमेकांच्या पायात येतात. मला वाटते याची वाट पोडाच्या रचनेतच सापडते. रक्तातला वारसा एकट्याचा नसतो. एका कोलामाचे जनुक वाचले की थोडेबहुत सगळ्या पोडाचे वाचले जाते. शोधनिबंधात माणसाचे नाव येत नाही, ‘कोलाम’ हे मात्र येतेच. तेव्हा जो झाकला जात नाही त्याच्याच नावे खाते उघडावे.

अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीची हकिगत या ठिकाणी उपयोगी पडते. मोठ्या दरीच्या तळाशी राहणारी ही लहानशी जमात. मधुमेह फार म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना रक्त दिले. २००३ साली त्यांच्यातली एक बाई विद्यापीठात एका व्याख्यानाला जाऊन बसली तेव्हा तिला कळले की ते रक्त मनोविकारांच्या आणि स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले. आम्ही याच दरीत जन्मलो ही त्यांची श्रद्धा. रक्त म्हणत होते, तुम्ही बाहेरून आलात. सात वर्षांनी, २०१० मध्ये, विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. ते लोक आपले रक्त घेऊन दरीत गेले. विज्ञान खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. पण आपल्या घरात बसून आपल्याच बापाची चौकशी करायची तर निदान विचारावे, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली स्वतःची आचारसंहिताच लिहून काढली: आमच्याकडे संशोधनाला यायचे तर या अटींवर या.

आपल्याकडे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तिच्या जमिनीची, जंगलाची, चालीरीतींची राखण सोपवली आहे. रक्ताचा उल्लेख त्यात नाही. पण ज्या सभेला तेंदूपानांविषयी विचारावे लागते तिला रक्ताविषयी विचारायला कायद्याने कोणाचा हात धरलेला नाही. विचारायचे ते एकदाच नव्हे. कुप्या नेल्या, त्यांचे काय केले, काय सापडले, काय सापडले नाही, कोणाला पाठवल्या, हे वर्षातून एकदा पोडावर जाऊन, नाईकासमोर, कोलामीत सांगायचे. दुभाषाला पैसे द्यावे लागतील. संशोधनाच्या अंदाजपत्रकात शीतपेटीला, विमानाच्या तिकिटाला रकाना असतो. तसा दुभाष्याला असावा.

आता वर ध्यानात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडे येतो. २०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या एका जनुकीय उपचाराला मान्यता दिली. रोग्याच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांतले एक कुलूप मोडायचे, की गर्भातले ते हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. म्हणजे आपल्याकडच्या आणि अरबस्तानातल्या रुग्णांच्या अंगात निसर्गाने जे आपणहून ठेवले होते तेच हाताने घडवायचे. ही वाट दिसण्यामागे ज्यांच्या रक्ताचा अभ्यास झाला त्यांत हे रुग्णही आहेत. मान्यतेच्या वेळी उपचाराची किंमत होती बावीस लाख डॉलर, तेव्हाचे सुमारे अठरा कोटी रुपये. यवतमाळहून मुर्तिजापूरला शकुंतला नावाची अरुंद रुळांची गाडी धावत असे, आता ती बंद आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला, तिथून मँचेस्टरला पोचावा म्हणून ती घातली. कापूस कोणत्या भावाने गेला आणि कापड कोणत्या भावाने आले हे इथल्या माणसाला पाठ आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या जीनोम संस्थेने स्वतःची स्वस्त उपचारपद्धती जाहीर केली. तिचे नाव ‘बिरसा १०१’. नाव देऊन ऋण मान्य केले, हे चांगले झाले. ती पांढरकवड्याच्या रुग्णालयात कधी पोचते हे पाहायचे.

आणि ज्या रक्तात जगाला काही शोधण्यासारखे वाटत नाही त्याचे काय होते तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनून वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर इथे मेले, शेकडो रुग्णालयात पडले. विषाचा प्रकार ओळखायला रक्तातले कोलिनेस्टेरेज मोजावे लागते; त्या वेळी त्या तपासणीची सोय जिल्ह्यात नव्हती. त्या रक्तासाठी संमतीपत्र घेऊन पोडावर कोणी आले नाही.